आधी नोंद, मग आराखडा

१९४० साली लंडनवर जर्मन विमानांचे हल्ले सुरू झाले, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांपुढे रोज सकाळी एकच प्रश्न असे: तडे गेलेल्या कोणत्या इमारती पाडायच्या आणि कोणत्या टेकू देऊन राखायच्या? प्रत्येक इमारतीचे मोल तपासत बसायला वेळ नव्हता. म्हणून वास्तुविशारदांना ठिकठिकाणी पाठवून वाचवण्याजोग्या वास्तूंच्या याद्या करून घेतल्या गेल्या. १९४४ आणि १९४७ च्या नगररचना कायद्यांनी या घाईतल्या कामाला कायमची चौकट दिली. इंग्लंडच्या यादीत आजही तीन श्रेणी आहेत आणि सर्वांत वरच्या श्रेणीत जेमतेम अडीच टक्के इमारती आहेत.

यादी निर्णयाच्या आधी हाताशी हवी, हा धडा बऱ्याच शहरांना नुकसान सोसूनच मिळाला. न्यूयॉर्कमध्ये पेन्सिल्व्हेनिया स्टेशनची भव्य इमारत १९६३ मध्ये पाडायला घेतली; वास्तुरक्षणाचा कायदा आला १९६५ मध्ये.

लॉस एंजेलिसची गोष्ट जरा वेगळी आहे. ऐतिहासिक वास्तूंना संरक्षण देणारा नियम तिथे १९६२ पासूनच होता. पण २००१ मध्ये वारसा जतनाचे काम करणाऱ्या गेटी संस्थेच्या अभ्यासात आढळले, की शहराचा जेमतेम १५ टक्के भागच तोवर कोणी नीट पाहिला होता. उरलेल्या भागात काय आहे याची नोंदच नव्हती. मग महापालिकेने गेटीच्या मदतीने संपूर्ण शहराचे सर्वेक्षण हाती घेतले. गेटीने त्यासाठी २५ लाख डॉलरपर्यंतचा निधी देऊ केला, तोही महापालिकेने तेवढाच वाटा उचलावा या अटीवर. शहरात जमिनीचे सुमारे ८ लाख ८० हजार तुकडे. २०१० ते २०१७ या काळात सर्वेक्षकांनी टॅब्लेट घेऊन रस्त्यामागून रस्ता पालथा घातला.

रस्त्यावर उतरण्याआधी केलेली तयारी हेच या कामाचे खरे बळ. शहर कसे वाढले याच्या विषयवार इतिहासाची चौकट आधी आखली गेली: चित्रपट उद्योग, मोटारींमुळे पसरलेली उपनगरे, युद्धानंतरची घरबांधणी, कृष्णवर्णीय, मेक्सिकन, जपानी आणि चिनी वस्त्या. त्यामुळे सर्वेक्षकाची नजर हवेल्या आणि चर्चपुरती राहिली नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची कॉफी शॉप्स, अंगणाभोवती उभी असलेली छोटी घरे, एखाद्या समाजाचे जुने सभागृह यांचीही दखल घेता आली. ठिकाणे सुचवण्याचे आवाहन नागरिकांनाही केले गेले. नोंद झाली म्हणून इमारतीला आपोआप संरक्षण मिळत नाही. पण शहराच्या वेगवेगळ्या विभागांचे आराखडे सुधारताना कुठे उंच इमारतींना वाव द्यावा आणि कुठे हात राखावा, हे नकाशावरच दिसते. जागा घेणाऱ्या विकासकालाही ते आधीच कळते.

मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियम लागू केले आणि सहाशेहून अधिक नोंदींची यादी केली. पहिल्या श्रेणीत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससारख्या राष्ट्रीय मोलाच्या वास्तू, दुसऱ्या श्रेणीचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग, आणि तिसऱ्या श्रेणीत एखाद्या भागाचा तोंडवळा राखणाऱ्या इमारती. शिवाय परिसर ही वेगळी कल्पना आली. गिरगावच्या खोताच्या वाडीत एकटे घर वाचवून काय होणार? अरुंद गल्ली, बाहेरचे जिने, लाकडी सज्जे एकत्र असतील तरच ती वाडी.

पण यादीत नाव आले म्हणून छत गळायचे थांबत नाही. काळा घोड्याजवळचे वॉटसन्स हॉटेल १८६० च्या दशकात इंग्लंडहून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभे राहिले. ल्यूमिएर बंधूंचे चित्रपट ७ जुलै १८९६ रोजी इथेच दाखवले गेले. एवढा इतिहास आणि दुसरी ‘अ’ श्रेणी असूनही इमारत खिळखिळी झाली आणि २०१९ मध्ये तिथल्या भाडेकरूंना बाहेर पडावे लागले. यामागे जुने अर्थकारण आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकाने दुरुस्तीवरचा हात आखडला आणि हजारो उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींची तीच गत झाली.

२०१२ मध्ये नऊशेहून अधिक नव्या नोंदींची यादी पुढे आली, तेव्हा शिवाजी पार्कचे रहिवासीच विरोधात उभे राहिले. पुनर्विकास अडेल, उंचीवर मर्यादा येईल, घराची किंमत पडेल, ही त्यांची भीती खरी होती. वारसा नियमांत गमावलेल्या बांधकाम हक्कांच्या बदल्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारे विकास हक्क) देण्याची तरतूद आहे. पण आपल्या सोसायटीला नेमके काय मिळणार, हे घरोघरी जाऊन कोणी समजावले नाही, तर यादी म्हणजे नोटीसच वाटणार. उलट ओव्हल मैदानाजवळच्या रहिवाशांनी व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींसाठी स्वतः पाठपुरावा केला. २०१८ मध्ये तिथल्या ९४ इमारतींचा समूह जागतिक वारसा ठरला.

म्हणून सर्वेक्षणाचा तक्ता कसा भरला जातो, याला फार महत्त्व आहे. एखाद्या चाळीसमोर उभे राहिलेल्या माणसाने मजले, सामाईक गॅलरी, लाकडी कठडे, कौले आणि नंतर घातलेले पत्रे तर लिहावेतच. पण चौकात गणपती बसतो का, तळमजल्यावर कोणाची दुकाने आहेत, तुळया कुठे कुजल्या आहेत, किती बिऱ्हाडे कोणत्या हक्काने राहतात, हेही लिहायला हवे. पहिल्या पाच रकान्यांवरून श्रेणी ठरेल. ती चाळ राखणे कितपत शक्य आहे आणि दुरुस्तीचा पैसा कुठून येईल, हे मात्र उरलेले रकानेच सांगतील.

साधनांची आता अडचण नाही. लॉस एंजेलिसची माहिती ‘आर्चेस’ या प्रणालीवर सर्वांना पाहता येते. गेटी आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड यांनी तयार केलेली ही प्रणाली कोणालाही मोफत वापरता येते. पुणे, नाशिक, कोल्हापूर यांनाही. खर्च येईल तो गल्लोगल्ली फिरणाऱ्या प्रशिक्षित माणसांचा. विकास आराखडा दर वीस वर्षांनी नव्याने होतो. त्याच्या अंदाजपत्रकातच या फिरण्याचा खर्च धरला, तर पुनर्विकासाचा प्रस्ताव टेबलावर येईल तेव्हा इमारतीची फाइल आधीच तयार असेल, आणि रहिवाशांनी ती वाचलेलीही असेल.