एका बंदाची दुरुस्ती

भोक जेमतेम मुगाच्या दाण्याएवढं, पण पडलं नेमकं तारखेच्या ओळीत. ‘इहिदे’ शाबूत आहे, ‘मया व अलफ’ही लागतं, मधला दशकाचा शब्द कसरीनं खाल्लेला. मराठी दफ्तरात सुहूर सन असा अरबी संख्याशब्दांत लिहीत. मधे ‘सितैन’ असेल तर साल 1161, म्हणजे इसवी 1760-61, पानिपताचं वर्ष. ‘सबैन’ असेल तर कागद दहा वर्षं पुढे, थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत जातो. एका गावच्या वसुलाचा हा हिशेब सदाशिवराव भाऊसाहेब उत्तरेत अडकले असतानाचा की नंतरचा, हे त्या एवढ्याशा तुकड्यावर ठरायचं होतं.

दुरुस्तीच्या टेबलावरचा कारागीर ते भोक बुजवतो, पण अक्षर भरत नाही. मूळ कागदाच्या जाडीचा, रंगाला मिळताजुळता हातकागदाचा तुकडा तो कडा विरळ करून मागून बसवतो आणि पुढची बाजू कोरी ठेवतो. शब्द कोणता असावा याचा तर्क त्यालाही करता येतो. तरीही बोरू त्याच्या हाताशी नसतो. या कामातली सगळी सचोटी त्या कोऱ्या ठिगळात आहे.

पुण्यात कौन्सिल हॉलजवळच्या जुन्या दगडी इमारतीत असे कागद रुमालांत बांधून ठेवले आहेत. सरकारी नाव पुणे पुराभिलेखागार. संशोधक म्हणतात पेशवे दफ्तर. रुमाल सुमारे 39 हजार. आतले कागद किती, याचा अंदाजच सांगतात: कुणी चार कोटी म्हणतं, कुणी पाच. रुमालाची गाठ सुटली की धूळ, दमटपणा आणि जुनी खळ यांचा एक कोंदट वास वर येतो. तो नाकात बसतो आणि तिथून बाहेर पडल्यावरही बराच वेळ जात नाही.

हे कागद टिकले ते कुणाच्या इतिहासप्रेमामुळे नव्हे. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, दफ्तर एल्फिन्स्टनच्या हाती आलं आणि नव्या सरकारला एकच गोष्ट हवी होती: कोणाची जमीन इनाम, कोणाची सनद खरी, सारा कुठे लावता येईल. 1852 च्या कायद्यानं इनाम कमिशनला बळ मिळालं, तेव्हा याच कागदांवर हजारो घराण्यांच्या जमिनींचे निकाल झाले. कचेरीचं नावही एलिएनेशन ऑफिस, म्हणजे इनाम जमिनींची कचेरी. देशी अभ्यासकांना तिचं दार दीर्घकाळ बंदच होतं. इतिहाससंशोधक राजवाडे ज्या काळात गावोगाव फिरून घराघरांतली दफ्तरं सोडवत होते, तेव्हा राज्याचं मुख्य दफ्तर पुण्यातच कुलुपात होतं. हे वाचताना आजही संताप येतो.

निगराणीची सुरुवात मऊ ब्रशनं धूळ झाडण्यापासून होते. मग पानांना क्रमांक, मग शाईची परीक्षा. कोपऱ्यातल्या एखाद्या अक्षरावर पाण्याचा थेंब ठेवून टीपकागद दाबतात; डाग उठला तर त्या कागदाला पाणी लावायचं नाही. मोडी कागदांची शाई काजळी आणि डिंकाची. ती कागद जाळत नाही, शतकानुशतकं काळीभोर राहते, पण ओल लागली की पसरते. इंग्रजी अमदानीतल्या कागदांचं उलटं आहे. त्यांची लोहयुक्त शाई हळूहळू कागदच खाते. ओळीच्या ओळी गळून जाळी उरते.

कागदाचंही तसंच. अठराव्या शतकातला जुन्नरी किंवा दौलताबादी कागद चिंध्यांपासून हातानं केलेला, घोटलेला. कसर आणि ओल यांच्यापासून वाचला तर अजून घडी घालता येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला लाकडाच्या लगद्याचा गिरणी कागद मात्र आम्लानं तपकिरी होऊन बोटात चुरतो. जास्त घाई कुठे हवी, हे वयावर ठरत नाही.

लांब मजकुरासाठी बंदाला, म्हणजे कागदाच्या एका पट्टीला, पुढचा बंद चिकटवत आणि सांध्यावर शिक्का उठवत, म्हणजे मधला बंद बदलता येऊ नये. कीड आधी पोचते ती याच सांध्यावर, कारण तिथे खळ असते. म्हणूनच आजची खळ करताना तीत मोरचूद किंवा थायमॉल घालतात. तिच्यानं मागे पातळ टिश्यू लावला जातो आणि कागद दाबाखाली वाळवला जातो. पूर्वी शिफॉनचं अस्तर असे, पुढे अॅसिटोननं चिकटवायची अॅसिटेटची पारदर्शक फिल्म आली. आता कल आहे तो केव्हाही सोडवता येईल अशाच उपायाकडे. सर्वांत जास्त त्रास देते ती कुणीतरी सदिच्छेनं लावलेली चिकटपट्टी. तिचा पिवळा डिंक कागदाच्या आत उतरलेला असतो, आणि तो काढताना शाईही निघण्याची भीती असते.

चार-पाच कोटी कागद आणि टेबलावर एका वेळी एक. मग छापून किती बाहेर आले? वाड या संकलकांनी शाहू आणि पेशव्यांच्या रोजनिशांतले उतारे काढले, त्यांचे 9 भाग निघाले. त्या कागदांवर न्यायमूर्ती रानड्यांनी 1900 मध्ये लिहिलं. मोठं पाऊल पडलं ते 1930 ते 1934 या काळात: जदुनाथ सरकारांच्या पाठबळानं गो. स. सरदेसायांनी ‘पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद’ 45 भागांत काढले. पहिला भाग उदगीरचा, दुसरा पानिपताचा. पुढे प. म. जोशी यांच्या संपादनाखाली नव्या मालिकेचे काही भाग आले. एवढ्या थोड्या वर्षांत 45 भाग ही कमाल आहे. पण निवड म्हटली की मागे उरणं आलंच, आणि मागे उरले ते मुख्यतः हिशेब. घडणी, प्रांत अजमास, पागा, जमाव अशा विभागांतले रुमालच्या रुमाल.

आता कागदांची छायाचित्रं निघतात, हे चांगलंच आहे. मूळ कागदाची हाताळणी वाचते. त्यालाच प्रकाशन म्हणणं मात्र पटत नाही. मोडीत शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. मोडी न येणाऱ्याला कागदाइतकंच त्याचं चित्रही मुकं. पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग चालवतं आणि तिथे उत्साहानं माणसं येतात. पण चार ओळी लावता येणं वेगळं आणि घाईत लिहिलेला ताळेबंद वाचणं वेगळं. त्याला वर्षं लागतात. अशा वाचकांना पगारी काम देणं हा दुरुस्तीच्या खर्चाचाच भाग धरला पाहिजे.

सैन्याच्या पायमल्लीनं बुडालेल्या पिकाची सूट, दुष्काळानंतरची तगाई, ओसाड पडलेल्या गावाला दिलेला कौल हे सगळं याच हिशेबांत आहे. फुकाझावा आणि कोटानी या जपानी अभ्यासकांनी मराठी कागदांवरून वतनं, बलुती आणि गावगाडा यांचं जे चित्र उभं केलं, ते पाहिलं की या रुक्ष कागदांचं मोल कळतं. त्यासाठी सूचीत निव्वळ विभाग आणि साल पुरत नाही; गाव, बाब, माणसाचं नाव लागतं.

आणि साल तरी कुठे नेहमी असतं? तारीख खाल्लेल्या त्या हिशेबाचा उलगडा व्हायचा तर त्याच रुमालातल्या शेजारच्या बंदांवरून होईल: तोच कमाविसदार, तेच पाटील, पुढच्या वर्षीची बाकी. म्हणून दुरुस्त झालेला बंद पुन्हा त्याच दोन बंदांच्या मधे जातो, आणि तो क्रम वहीत लिहिल्याशिवाय टेबलावर पुढचा कागद घेतला जात नाही.