मोहीम सुट्टीच्या हिशेबाने आखू नका

दिवाळीची सुट्टी जवळ आली की ट्रेकिंगच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास फिरतो : ‘एव्हरेस्ट बेस कॅम्प आणि आयलंड पीक, दोन्ही मिळून किती दिवसांत होईल?’ मुंबई-पुण्याच्या नोकरदाराला दोन आठवड्यांहून जास्त रजा मिळणे कठीण. मग मोहीम रजेत बसवली जाते आणि गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून आयोजकही एखाद-दुसरा दिवस कमी करून देतो. कात्री लागते ती बहुधा विश्रांतीच्या दिवसाला. त्या दिवशी काहीच घडत नाही, असा समज असतो. प्रत्यक्षात त्याच दिवशी शरीर सर्वात महत्त्वाचे काम करत असते.

उंचावर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण कमी होते, हे अर्धसत्य आहे. कळसूबाईवर असो की एव्हरेस्टवर, हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. ५,३६४ मीटरवरच्या एव्हरेस्ट बेस कॅम्पला तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही जवळपास निम्माच असतो.

शरीर यावर पहिला उपाय करते तो श्वासाचा वेग वाढवण्याचा. पण भरभर श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो आणि रक्त अल्कधर्मी होऊ लागते. मेंदूला हे खपत नाही. तो श्वासाला लगाम घालतो. म्हणूनच उंचावर झोपेत श्वास काही क्षण थांबतो आणि माणूस दचकून जागा होतो. हा लगाम सैल करण्याचे काम मूत्रपिंडे करतात. ती रक्तातील जादा बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात आणि या कामाला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे जातात. ट्रेकर ज्याला ‘अॅक्लमटायझेशन’ म्हणतात ते हेच. जिममध्ये कमावलेल्या ताकदीने मूत्रपिंडांचा वेग वाढत नाही. उलट दमदार माणूस जास्त वेगाने चढतो आणि लवकर अडचणीत येतो.

याचा मोठा धडा भारतीय सैन्याकडूनच मिळाला. १९६२च्या चीन युद्धाच्या काळात सखल भागातले जवान थेट उंचावर पोहोचवले गेले आणि अनेक जण आजारी पडले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी अशा १,९२५ जवानांच्या निरीक्षणांवर आधारलेला निबंध १९६९मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. या विषयातला तो पायाभूत निबंध मानला जातो. हे जवान तरुण आणि तंदुरुस्त होते. त्यांना मिळाला नव्हता तो वेळ.

झोपण्याची उंची पाहा

मोहिमेचे पत्रक हाती आले की फोटो बाजूला ठेवा आणि प्रत्येक रात्र किती मीटरवर काढायची आहे, ते ओळीने लिहून काढा. दिवसा कितीही वर चढलात तरी महत्त्व असते ते झोपण्याच्या उंचीला. पर्वतीय वैद्यकाचा सर्वमान्य नियम असा : ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी.

हा नियम खुंबूच्या वाटेला लावून पाहू. लुक्ल्याला विमानातून उतरून पहिली रात्र फाकडिंगला, २,६१० मीटरवर. दुसरी नामचे बाजारला, ३,४४० मीटरवर. ही उडी ८३० मीटरची आहे आणि मध्ये सोयीचा मुक्काम फारसा नाही. म्हणून नामचेला दोन रात्री काढायच्याच. पुढे तेंगबोचे ३,८६० आणि डिंगबोचे ४,४१०. इथे पुन्हा दोन रात्री. मग लोबुचे ४,९४० आणि गोरक्षेप ५,१६४. विश्रांतीच्या दिवशी खोलीत पडून राहायचे नसते. तीन-चारशे मीटर वर चढून जायचे आणि झोपायला खाली यायचे.

आयलंड पीक ६,१८९ मीटर उंच आहे. बेस कॅम्पचा ट्रेक आधी करून मग छुकुंगमार्गे या शिखराकडे वळले, तर शरीर ५,००० मीटरच्या वर राहून आलेले असते. १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेतील काही गिर्यारोहक याच शिखरावर सरावासाठी चढले होते. यात हवामानासाठी शिखराचा एक राखीव दिवस धरा आणि लुक्ल्याची विमाने ढगांमुळे रद्द होतात, म्हणून परतीला दोन दिवस धरा. काठमांडू ते काठमांडू हिशेब सुमारे तीन आठवड्यांवर जातो. रजा दोनच आठवड्यांची असेल, तर शिखर पुढच्या खेपेला ठेवावे आणि फक्त ट्रेक करावा.

याच वाटेवर फेरिचे येथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे दवाखाना-केंद्र १९७३पासून चालते. पीटर हॅकेट आणि सहकाऱ्यांनी तिथे २७८ ट्रेकर तपासले आणि निष्कर्ष १९७६मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. निम्म्याहून किंचित जास्त जणांना विरळ हवेचा त्रास झाला होता. विमानाने लुक्ल्याला उतरलेल्यांमध्ये आणि वाटेत कमी रात्री काढलेल्यांमध्ये तो अधिक होता.

डोकेदुखीपासून सावध

उंचावर गेल्यावर डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे, थकवा, गरगरणे ही लक्षणे दिसली तर दुसरे कारण सापडेपर्यंत ती उंचीचीच समजावीत आणि त्या दिवशी वर जाऊ नये. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरे वाटते. त्रास वाढला तर खाली उतरावे.

दोन अवस्था मात्र जिवावर बेततात. पहिलीत फुफ्फुसांत पाणी साचते : बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, पुढे गुलाबी फेस पडतो. दुसरीत मेंदूला सूज येते : माणूस असंबद्ध बोलतो, त्याचा तोल जातो. सरळ रेषेत, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटे लावून चालायला सांगा. जमले नाही तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीही खाली न्या. एकट्याला कधीही पाठवू नका. ऑक्सिजन, डेक्सामेथासोन, निफेडिपिन किंवा दाब वाढवणारी गॅमो बॅग यांनी वेळ मिळतो, पण ते उतरण्याला पर्याय नाहीत.

डायमॉक्स, म्हणजे अॅसिटाझोलामाइड, मूत्रपिंडांचे तेच बायकार्बोनेट टाकण्याचे काम लवकर घडवून आणते. ते लक्षणे झाकत नाही. प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. पण सल्फा औषधांची अॅलर्जी असल्यास आणि एरवीही, डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही विसंबू नये. थंडीने गारठलेल्या बोटावर तो चुकीचा आकडा दाखवतो, आणि आकडा चांगला असला तरी लक्षणे खरी असतात.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, गर्भारपण किंवा पूर्वी उंचावर फुफ्फुसांत पाणी झाल्याचा इतिहास असेल तर आधी तज्ज्ञांना भेटा. विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. एरवी काहीही त्रास नसलेल्या वाहकालाही उंचावर प्लीहेला इजा होऊ शकते. रक्ताची साधी तपासणी निघण्यापूर्वी करून घेता येते.

पैसे भरण्यापूर्वी

सह्याद्रीतला सराव वाया जात नाही. पाठीवर ओझे घेऊन सहा-सात तास चढण्याची सवय तिथेच लागते. पण कळसूबाई १,६४६ मीटरचे. विरळ हवेची सवय तिथे होत नाही. आयलंड पीकच्या शेवटच्या टप्प्यात बर्फाची उभी भिंत दोराच्या आधाराने चढावी लागते. क्रॅम्पॉन आणि जुमार तिथे पहिल्यांदाच हाती घेणे धोक्याचे. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट यांचा सुमारे चार आठवड्यांचा बेसिक कोर्स आधी केलेला बरा.

आयोजकाला काही प्रश्न लेखी विचारा. एखादा आजारी पडला तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार आणि बाकीच्यांचा गाइड कोण? ऑक्सिजन आणि सॅटेलाइट फोन सोबत असतो का? सामान वाहणाऱ्यांचा विमा, गरम कपडे आणि उपचार यांची जबाबदारी कोणाची? अनेक पोर्टर खालच्या डोंगराळ गावांतून येतात. त्यांनाही विरळ हवा तितकीच लागते. स्वतःच्या विम्यातली बारीक अक्षरेही वाचा. किती मीटरपर्यंत संरक्षण आहे, दोर लावून केलेली चढाई त्यात धरली आहे का, हेलिकॉप्टरचा खर्च मिळतो का, हे तिथेच लिहिलेले असते.

सर्वात महत्त्वाचा प्रश्न मात्र स्वतःच्या गटाला विचारायचा : ‘परत फिरा’ हा शब्द कोणाचा अंतिम? लाखांच्या घरात खर्च झालेला असतो, घरच्यांना आणि मित्रांना सांगून झालेले असते. अशा वेळी डोके दुखत असल्याचे माणूस लपवतो, आणि ऑक्सिजन कमी पडलेल्या मेंदूचा निर्णयही भरवशाचा नसतो. म्हणून हा अधिकार गाइडला निघण्याआधीच द्यावा आणि त्याने परत फिरायला सांगितल्यास हुज्जत घालायची नाही, हे सर्वांनी मान्य करावे. रोज संध्याकाळी जेवताना प्रत्येकाने आपली लक्षणे गाइडला सांगावीत. परतीच्या विमानाचे तिकीट तारीख बदलता येईल असेच काढावे. ते थोडे महाग पडते, पण डिंगबोचेला एक रात्र जास्त राहण्याची मुभा त्याच पैशांत मिळते.