धातू केव्हा ठेवावा, केव्हा काढावा

बालरोगतज्ज्ञाने कृत्रिम गुडघ्यावर लेखणी चालवावी, हे आमच्या अस्थिशल्यतज्ज्ञ मित्रांना अतिक्रमण वाटण्याचा संभव आहे. परंतु बेटम्यासारख्या गावात डॉक्टर एकाच शाखेचा राहू शकत नाही. नातवाला लस टोचून झाली की आजीचा सुजलेला गुडघा पुढे येतो आणि “इंदूरला न्यावे का?” या प्रश्नाचे उत्तर मलाच द्यावे लागते. त्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि पाहिले, ते येथे मांडीत आहे.

या विषयात इंदूरकरांना थोडा अभिमान वाटण्यास जागा आहे. नीमच जिल्ह्यातील सरवानियाचे डॉ. चित्तरंजन राणावत हे आपल्या एम.जी.एम. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. पुढे न्यूयॉर्कमध्ये डॉ. जॉन इन्साल आणि अभियंता पीटर वॉकर यांच्यासह त्यांनी ‘टोटल काँडिलर’ हा गुडघा घडविला. १९७४ साली तो प्रथम रुग्णाच्या पायात बसविण्यात आला. आजचे बहुतेक कृत्रिम गुडघे त्याच घराण्यातील आहेत. २००० आणि २००१ साली तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे गुडघे राणावतांनीच मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले, तेव्हा ही शस्त्रक्रिया घरोघरी ठाऊक झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने किमतीवर मर्यादा घातली आणि सरासरी दीड लाखाहून अधिक किमतीस विकला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा, कर वगळून, ५४,७२० रुपयांवर आला. साहजिकच आता आमच्या पंचक्रोशीतही असे गुडघे घेऊन चालणारी मंडळी पुष्कळ दिसतात.

यांपैकी शंभरात एखाद-दुसऱ्या गुडघ्यात जंतुसंसर्ग होतो. आकडा लहान आहे. ज्याच्या वाट्याला येतो त्याला तो लहान वाटत नाही. जिवंत हाडाला रक्तपुरवठा असतो, धातूला नसतो. जिवाणू धातूवर बसले की स्वतःभोवती चिकट साय धरतात. तिलाच बायोफिल्म म्हणतात. रक्तातून येणारे प्रतिजैविक त्या सायीखाली पुरेसे पोहोचत नाही. म्हणून पहिला प्रश्न काळाचा असतो. संसर्ग नवा, तीन-चार आठवड्यांच्या आतला असेल, तर सांधा उघडून, धुऊन, मधली प्लास्टिकची चकती बदलून धातू वाचविण्याचा प्रयत्न करता येतो. साय पक्की झाली की मात्र बहुधा धातू काढावाच लागतो.

आमच्या गल्लीतील एका आजींची हीच संधी हुकली. शस्त्रक्रियेनंतर पाचव्या महिन्यात गुडघा लाल झाला, आणि त्या तीन आठवडे कुणीतरी लिहून दिलेल्या गोळ्या घेत राहिल्या. ताप उतरला, सूज दबली, सर्वांना बरे वाटले. माझ्याकडे आल्या तेव्हा टाक्यांच्या रेषेवर पू झिरपत होता. आपल्या संस्थेतील सामान्य व्यवसाय करणाऱ्या बंधुभगिनींना माझी कळकळीची विनंती आहे की, कृत्रिम गुडघा लाल वा गरम दिसला आणि रुग्ण अत्यवस्थ नसेल, तर सांध्यातील पाणी तपासणीसाठी काढले जाईपर्यंत प्रतिजैविकाची एकही गोळी देऊ नये. अर्धवट औषधाने जिवाणू मरत नाही; तो फक्त तपासणीत सापडेनासा होतो.

धातू काढल्यावर पुढे काय, याचे उत्तर राणावतांचे सहकारी इन्साल यांनीच १९८३ साली मांडले. पहिल्या टप्प्यात सर्व काढून हाड स्वच्छ करायचे, सहा आठवडे शिरेवाटे प्रतिजैविके द्यायची आणि मग दुसरा सांधा बसवायचा. मधल्या पोकळीत आता प्रतिजैविक मिसळलेल्या हाडाच्या सिमेंटचा ठोकळा ठेवतात. सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळण्याची युक्ती हॅम्बुर्गच्या बुकहोल्झ यांनी १९७० सालीच प्रसिद्ध केली होती. सिमेंट घट्ट होताना तापते, म्हणून ती उष्णता सोसणारेच औषध चालते. जेंटामायसिन आणि व्हॅन्कोमायसिन ती सोसतात. ठोकळा दोन प्रकारचा असतो. सांध्याच्या आकाराचा ठोकळा गुडघा वाकू देतो. अखंड ठोकळा वाकू देत नाही, पण हाड झिजलेले आणि स्नायुबंध सैल असतील तर तोच सुरक्षित.

आजींना अखंड ठोकळा बसला. गुडघा सरळ करणारा, वाटीखालचा पट्टाच पुवाने खाल्ला होता. शल्यतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले की नवा सांधा बसविला तरी पाय उचलला जाणार नाही. मांडीचे हाड आणि नडगी कायमची जोडावी. मुलांना हे पराभवासारखे वाटले. ते मुंबईची चौकशी करू लागले. आजींनी एकच विचारले, “दुखल्यावाचून उभी राहीन का?” होय म्हटल्यावर त्यांनी निर्णय दिला. हाडाच्या पोकळीत लांब सळई घातली तर जोड भक्कम होतो, परंतु पुवाच्या घरात पुन्हा धातू जातो. बाहेरून कड्या लावल्या तर तो धोका टळतो, पण महिनोन्महिने पिंजरा वागवावा लागतो. आजींनी कड्या पत्करल्या. त्यांना आता मांडी घालता येत नाही, बसमध्ये पाय वाटेत येतो. पण स्वयंपाक त्या उभ्याने करतात. मला हा निर्णय योग्यच वाटतो.

या कड्यांचे जनक सायबेरियातील कुर्गानचे डॉ. गाव्रिल इलिझारोव्ह. १९५० नंतरच्या दशकात त्यांनी ताणलेल्या बारीक तारांवर हाड तोलून धरण्याची पद्धत रचली. कापलेले हाड दिवसाला एक मिलिमीटर, तेही चार हप्त्यांत, दूर सारले की मधल्या जागेत नवे हाड धरते. १९८० साली इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी यांचा पाय त्यांनी बरा केला, तेव्हा पश्चिमेला ही विद्या कळली. नट फिरविण्याचे आणि तारांची भोके रोज पुसण्याचे काम मात्र घरच्यांचे असते. ज्या घरात ते होणार नाही, तेथे कडी लावू नये.

माझ्या बालरुग्णांना कडी क्वचितच लागते. दीड-दोन वर्षांपर्यंत पाय धनुष्यासारखे असणे आणि तीन-चार वर्षांचे असताना गुडघे घासणे बहुधा निसर्गक्रमच असतो. सात वर्षांपर्यंत पाय आपोआप सरळ होतात. जे होत नाहीत, त्यांच्यासाठी वाढीच्या थरावर एका बाजूला इंग्रजी आठाच्या आकाराची, दोन स्क्रूंची पट्टी बसवितात. ती बाजू थांबते, दुसरी वाढते, पाय सरळ होतो आणि पट्टी काढून टाकतात. धातू मुक्कामाला नसून पाहुणा आहे. मात्र मुडदूस असेल तर आधी ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि जरूर तेथे फॉस्फेट देऊन हाड बरे करावे. एरवी पट्टी निघताच पाय पुन्हा वाकतो. शेजारच्या धार जिल्ह्यात अनेक ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यातील त्याची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम. तिकडून वाकड्या पायांची मुले आली की त्यांच्या पालकांना मी एक्स-रेबरोबर घरच्या बोअरवेलच्या पाण्याची बाटलीही आणावयास सांगतो.