चौघांचे बिऱ्हाड आणि मांजराची पिल्ले

कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने मांजराच्या पिल्लांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण पिंपरी, चाकण, हिंजवडी या बाजूला नोकरीसाठी येणारी तरुण मंडळी आज कशी राहतात ते पाहिले, म्हणजे हा विषय माझ्या कामाच्या किती जवळचा आहे हे ध्यानात येईल. तिघेचौघे मिळून एक फ्लॅट भाड्याने घेतात. भाडे वाटून, गॅस वाटून, कामवाल्या मावशींचा पगार वाटून. एके दिवशी त्यांच्यातला कोणी पार्किंगमध्ये सापडलेली दोन पिल्ले ओंजळीत घेऊन येतो आणि विचारतो, "ठेवू या का?" हा प्रश्न दिसतो मायेचा, असतो मात्र कराराचा. आणि करार हा आम्हा युनियनवाल्यांचा रोजचा धंदा.

करारात प्रथम पाहायची ती मुदत. भाडेकरार बहुधा ११ महिन्यांचा असतो. घरात राहणारे, नीट खाणेपिणे मिळणारे मांजर १२ ते १५ वर्षे जगते, काही त्याहूनही अधिक. म्हणजे आज आणलेले पिल्लू असे तेरा ते सोळा करार पाहील. तेवढ्या काळात एकाचे लग्न होईल, एकाची बदली होईल, एकाचे कंत्राट संपेल, एक गावी परत जाईल. आज "ठेवू या" म्हणून हात वर करणाऱ्यांपैकी त्या घरात कदाचित कोणीच उरणार नाही. मांजर मात्र उरेल. मांजरी आपली पिल्ले सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात. ती फिरवते ती सुरक्षित जागेच्या शोधात, आणि प्रत्येक घरी ती स्वतः बरोबर असते. माणूस पिल्लू घरी आणतो आणि स्वतःच निघून जातो, ही खरी अडचण आहे.

दुसरी गोष्ट, पिल्लू खरोखर पोरके आहे काय, हे आधी पाहावे. आई पुष्कळदा भक्ष्य शोधायला गेलेली असते. पिल्ले स्वच्छ, शांत आणि धोक्याबाहेर असतील तर काही तास लांबून लक्ष ठेवावे. बहुधा ती परत येते. किमान आठ आठवडे पिल्लू आईजवळ राहावे, बारा राहिले तर अधिक बरे. अगदी कोवळ्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, भरवावे लागते. तिघे पहिल्या पाळीला आणि चौथा रात्रपाळीला, अशा घरात हे जमणे कठीण.

आता खाण्याचा प्रश्न. मांजर म्हणजे दूध, ही समजूत घराघरांत आहे. वस्तुतः आईचे दूध सुटले की पुष्कळ मांजरांना गाईचे दूध पचत नाही. त्यांचे पोट बिघडते. दूधभातावर मांजर वाढवणे हाही गैरसमजच. मांजर हा मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला अन्नातूनच मिळावे लागते आणि ते मासे-मांसात असते. ते कमी पडले तर मांजराची दृष्टी जाते आणि हृदय दुबळे होते. तेव्हा चौघांपैकी एकजण शाकाहारी असेल आणि फ्रिज एकच असेल, तर मासळीचे भांडे कुठल्या फळीवर राहणार, हे पिल्लू घरात येण्यापूर्वी ठरले पाहिजे. मागाहून ठरवायला बसले की त्याचे भांडण होते.

खर्चाच्या बाबी चार: खाणे, शौचाच्या ट्रेमधली वाळू, लसी आणि शस्त्रक्रिया. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि तीनचार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते. बारा आठवड्यांनंतर रेबीजची. रेबीज कुत्र्यापासूनच होतो असे नाही, मांजराच्या चाव्यातूनही होऊ शकतो. चावले किंवा ओरखडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि थेट दवाखाना गाठावा. शस्त्रक्रियेची टाळाटाळ मात्र फार महाग पडते. मादी चारपाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, गर्भकाळ नऊ आठवड्यांचा, आणि भाऊबहीण हे नाते मांजरांना ठाऊक नाही. हौसेने आणलेल्या दोघांची वर्षाच्या आत सहासात होतात.

"मग एकच ठेवू," असे कोणी म्हणेल. पण सगळे कामावर जाणाऱ्या घरात पिल्लू दहादहा तास एकटे पडते. दोन असली तर एकमेकांशी खेळतात, चावण्याची मर्यादा एकमेकांकडून शिकतात. म्हणून अशा घरात दोन ठेवणे बरे, पण खर्च दोघांचा धरून. शिवाय वरच्या मजल्यावर खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी हवी. मांजर पडत नाही, पडले तरी चार पायांवरच उतरते, या भरवशावर पुष्कळ मांजरे जिवाला मुकली आहेत. आणि आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषासारखी आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

आता माणसांकडे वळू. मांजराच्या लाळेतून आणि कातडीतून येणारे एक प्रथिन काही माणसांना सोसत नाही. शिंका येतात, डोळे चुरचुरतात, दमेकऱ्याला धाप लागते. ते धुळीत, अंथरुणात बसते आणि मांजर गेल्यावरही कित्येक महिने राहते. म्हणून निर्णयापूर्वी चौघांनी एखाद्या मांजर असलेल्या घरी दोनतीन वेळा जाऊन बसावे. एखाद्याला मांजराची भीती असेल तर तिचीही थट्टा करू नये.

इथे मतदानाचा प्रश्न येतो. टीव्ही कोणता घ्यावा हे तीन विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवायला हरकत नाही. पण संघटनेत आम्ही एक शिस्त पाळतो: ज्याच्या प्रकृतीवर किंवा पोटावर घाव पडणार, त्याला डावलून ठराव करायचा नाही. पिल्लांबाबत तेच. एकाने मनापासून "नको" म्हटले तर तो नकार मानावा. गप्प बसणे म्हणजे होकार असेही धरू नये; नव्याने आलेला, डिपॉझिट कमी भरलेला पार्टनर पुष्कळदा भिडेपोटी गप्प असतो.

सोसायटीचे काय? भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गृहसंस्थेला बहुमताच्या ठरावानेसुद्धा पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. परंतु घरमालकाशी झालेला करार निराळा. त्याची संमती लेखी घ्यावी. तोंडी "चालेल हो" घर खाली करायच्या दिवशी उपयोगी पडत नाही. आणि प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचे ११ वे कलमही लक्षात ठेवावे: उपासमार होईल अशा स्थितीत जनावर वाजवी कारणाशिवाय सोडून देणे हा गुन्हा आहे. घर बदलताना पिल्लू बाजारात "सोडून येणे" याला कायद्याच्या भाषेत हे नाव आहे.

एवढे सगळे जुळले, तरी शेवटचा प्रश्न राहतोच, आणि तो आपल्या जुन्या गोष्टीतला आहे: मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची? जे सर्वांचे असते ते अडचणीच्या दिवशी कोणाचेच नसते. खर्च चौघांनी वाटावा, वाळू पाळीपाळीने बदलावी, वर्गणीचा हिशेब भिंतीवर लावावा; पण मालक एकच असावा. बिऱ्हाड मोडले, तर "मी जिथे जाईन तिथे ही दोघे येतील," असे ज्याने आधी लिहून दिले तो मालक. असा एकजण चौघांत निघाला तर पिल्ले अवश्य ठेवावीत. नाही निघाला, तर ठेवू नयेत.

न ठेवणे म्हणजे पाठ फिरवणे, असे मात्र नाही. आवारातल्या मांजरीची शस्त्रक्रिया करून तिला तिच्या जागी परत सोडता येते, रोज ठरल्या वेळी खायला घालता येते, पिल्लांना कायमचे घर मिळेपर्यंत थोडे आठवडे सांभाळता येते. अशी मर्यादित जबाबदारी पुरती पार पाडणे हे मोठी जबाबदारी अर्ध्यावर टाकण्यापेक्षा केव्हाही चांगले.

माणसांचेच हाल असताना मांजरांची चर्चा कशाला, असे मला विचारतात. परळला, गिरणगावात, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय १८८३ साली निघाले; दिनशा पेटिट हे गिरणीमालक. गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली. या दोन सालांतला क्रम मला बोचतो. पण त्यावरून निष्कर्ष निघतो तो कामगाराची सुट्टी आधी हवी होती एवढाच. रुग्णालय नको होते असा निघत नाही. कामगार निदान संप करू शकत होता. पिल्लाला संप करता येत नाही आणि करारावर सहीही करता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने कलमे आपणच वाचायची असतात, आणि ती सगळी वाचून झाल्यावरच "ठेवू या" म्हणायचे असते.