मॅगझिन : पिस्तुलाचा दुर्लक्षित अवयव

'मॅगझिन' हा शब्द उच्चारताच आपल्या संस्थेच्या सभासदांना टपालाने येणारे, वेष्टनही न फोडता टेबलावर साचत जाणारे वैद्यकीय नियतकालिक आठवेल. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र दुसरे मॅगझिन आहे. अर्धस्वयंचलित पिस्तुलाच्या मुठीत सरकवली जाणारी, काडतुसे एकावर एक रचून ठेवणारी पत्र्याची चपटी नळी म्हणजे मॅगझिन.

बालरोगतज्ज्ञाने या विषयावर का लिहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ग्वाल्हेर-चंबळ भागात परवान्याचे हत्यार घरात असणे ही अपूर्वाईची गोष्ट नाही. आपल्या व्यवसायबंधूंपैकीही काहींच्या कपाटात ते आहे. ते असावे की नसावे, हा वाद येथे घालावयाचा नाही. परंतु ज्या घरात पिस्तूल आहे त्याच घरात पुष्कळदा मुले आणि नातवंडेही आहेत. पिस्तुलाबद्दलचे दोन मोठे गैरसमज या एकाच भागाभोवती फिरतात. पहिला असा की, पिस्तूल चांगले असले म्हणजे मॅगझिन कोणतेही चालते. दुसरा असा की, मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले. मी स्वतः परवानाधारक आहे आणि दिवसभर माझा वावर मुलांत असतो. म्हणून या दोहोंविषयी लिहिण्याचे योजिले आहे.

रचना आणि कार्य

मॅगझिनचे मुख्य भाग पाच : बाहेरचे कवच, आतील स्प्रिंग, तिच्या माथ्यावरचा सरकता पाट म्हणजे 'फॉलोअर', तळाची पट्टी आणि वरच्या बाजूस आत वळवलेल्या दोन कडा. या कडांना 'ओठ' म्हणतात. सर्वांत वरचे काडतूस या दोन ओठांखाली अडकून राहते. गोळी सुटली की स्लाइड मागे जाते, रिकामे टरफल बाहेर फेकते आणि परत पुढे येताना वरचे काडतूस ओठांतून सोडवून नळीच्या चेंबरमध्ये ढकलते. हा सर्व व्यवहार सेकंदाच्या काही शतांश भागांत उरकतो. तेवढ्या अवधीत स्प्रिंगने उरलेली संपूर्ण रास वर उचलून योग्य जागी आणावयाची असते. स्प्रिंगला उशीर झाला, ओठांनी काडतूस लवकर सोडले किंवा उशिरा सोडले, की पिस्तूल अडते. म्हणूनच जाणकार नेमबाज पिस्तूल अडू लागले की प्रथम मॅगझिनकडे पाहतात.

.३२ बोअरचे वैशिष्ट्य

आपल्या देशात ९ मिमी पिस्तूल निषिद्ध बोअरमध्ये मोडते. त्यामुळे सामान्य परवानाधारकाच्या हाती सहसा.३२ बोअरचे, एका रांगेच्या मॅगझिनचे पिस्तूल येते. देशी बनावटीची अशी पिस्तुले पूर्वी आयुध निर्माणी मंडळाच्या कारखान्यांतून येत. १ ऑक्टोबर २०२१ पासून त्या मंडळाच्या सात कंपन्या झाल्या आणि हे काम कानपूरच्या अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेडकडे आले. याखेरीज वडिलोपार्जित वॉल्थर, कोल्ट, वेब्ली अशी विदेशी पिस्तुलेही घराघरांत आहेत. त्यांतील काहींची मॅगझिने पिस्तुलाइतकीच वृद्ध आहेत.

.३२ चे हे काडतूस जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ च्या सुमारास बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी सिद्ध केले. त्याच्या बुडाची कडा देहापेक्षा किंचित रुंद असते. ९ मिमी किंवा .४५ च्या काडतुसाला अशी बाहेर आलेली कडा नसते. या लहानशा फरकातून .३२ चा एक खास विकार उद्भवतो. वरच्या काडतुसाची कडा खालच्या काडतुसाच्या कडेच्या मागे गेली, तर स्लाइड वरचे काडतूस पुढे ढकलू लागताच दोन्ही कडा एकमेकींत गुंततात आणि पिस्तूल ठप्प होते. नेमबाज याला 'रिमलॉक' म्हणतात. केवळ स्लाइड मागेपुढे ओढून तो सुटत नाही. मॅगझिन बाहेर काढून रास मोकळी करावी लागते.

त्यावरील प्रतिबंध सोपा आहे. मॅगझिन भरताना प्रत्येक नव्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढेच बसली आहे, हे पाहावे. दुसरे असे की, पूर्ण कवचाच्या गोल गोळीचे काडतूस सुमारे २५ मिमी लांब असते व त्याच मापाने जुनी मॅगझिने घडवलेली आहेत. पोकळ टोकाच्या गोळीचे काडतूस पुष्कळदा आखूड असते. त्यामुळे पुढे मोकळी जागा उरते, धक्क्याने रास मागेपुढे सरकते आणि कडा गुंतण्याचा संभव वाढतो. यास्तव मॅगझिन आणि काडतूस यांची निवड एकत्रच करावी.

निवडीचे निकष

१. मॅगझिन त्याच निर्मात्याचे आणि त्याच मॉडेलचे असावे. वॉल्थरच्या 'पीपी'मध्ये .३२ ची आठ काडतुसे बसतात आणि 'पीपीके'मध्ये सात. नावात एका अक्षराचे अंतर, पण उंची निराळी. मूळ क्षमतेपेक्षा एक काडतूस जास्त घेणाऱ्या मॅगझिनचा मोह टाळावा. अमेरिकेच्या .४५ बोअरच्या १९११ पिस्तुलाचे मूळ मॅगझिन सात काडतुसांचे होते. पुढे तेवढ्याच उंचीत आठ काडतुसे बसवणारी मॅगझिने निघाली, तेव्हा स्प्रिंगसाठीची जागा कमी झाली. चांगल्या निर्मात्यांनी स्प्रिंग व फॉलोअर नव्याने घडवून हा प्रश्न सोडवला. इतरांची मॅगझिने अडत राहिली.

२. दोन्ही ओठ सारखे, गुळगुळीत आणि विनातडा असावेत. मॅगझिन फरशीवर पडले तर बहुधा इजा ओठांनाच होते. नवे असतानाच ओठांमधील अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजून लिहून ठेवावे, म्हणजे पुढे तुलना करता येते. पक्कडीने ओठ वाकवून दुरुस्ती करू नये.

३. कवचाला पोचा नसावा. फॉलोअर प्लास्टिकच्या काडीने खाली दाबून सोडला असता न अडखळता वर यावा.

४. मॅगझिन बसताना स्पष्ट 'खट्' आवाज यावा आणि खाली ओढून पाहिल्यास ते हलू नये. अडकवणीची खाच झिजली की मॅगझिन थोडे खाली लोंबते आणि स्लाइड काडतुसाच्या वरून निसटते.

५. खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडूनच, पावती घेऊन करावी. शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही 'शस्त्र' या संज्ञेत येतात. लेथवाल्याकडून मॅगझिन 'बनवून घेणे' हा अविश्वसनीय तर आहेच, पण बेकायदा मार्गही आहे.

चाचणी आणि निदान

बाह्य तपासणीनंतरही खरी परीक्षा गोळीबारातच होते. ती अधिकृत शूटिंग रेंजवरच करावी. लग्नाच्या वरातीत 'हर्ष फायर' करून मॅगझिन पारखणाऱ्या महाभागांनी लक्षात ठेवावे की, २०१९ च्या दुरुस्तीनुसार बेपर्वाईने केलेल्या अशा गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, हे आपत्कालीन कक्षात काम केलेल्यांस सांगणे नको.

प्रत्येक मॅगझिनच्या तळपट्टीवर क्रमांक घालावा. परवान्यावरील काडतुसांच्या मर्यादेत राहून, नेहमीच्याच काडतुसांनी प्रत्येक मॅगझिन किमान पाच वेळा पूर्ण भरून रिकामे करावे. अडथळा आल्यास नळी लक्ष्याकडे ठेवून, चापावरील बोट काढून दोष दूर करावा; मग मॅगझिनचा क्रमांक आणि कितव्या काडतुसाला अडथळा आला ते लिहावे. ही नोंद म्हणजे आपला केसपेपर होय. दोष एकाच क्रमांकाच्या मागे लागला असेल तर विकार मॅगझिनचा. तो सर्व मॅगझिनांत दिसत असेल तर पिस्तूल किंवा काडतूस तपासावे. पहिल्या काडतुसाला पिस्तूल अडत असेल, तर पूर्ण भरलेल्या राशीचा दाब व घर्षण जास्त होत असावे. शेवटच्या एक-दोन काडतुसांना अडत असेल, तर स्प्रिंग थकली असावी. कारण रास उतरत जाते तसा स्प्रिंगचा जोर कमी होतो.

स्प्रिंग भरून ठेवल्याने बिघडते, ही समजूत बव्हंशी अनाठायी आहे. चांगली स्प्रिंग एका जागी दबून राहिल्याने जेवढी थकते, त्याहून जास्त वारंवार दबण्या-सुटण्याने थकते. गंज आणि धूळ हे मात्र तिचे खरे शत्रू. मॅगझिन आतून कोरडे ठेवावे. तेल घातले की धूळ चिकटते आणि ते काडतुसांपर्यंतही पोहोचते. दोष वारंवार येणाऱ्या मॅगझिनचा मोह सोडून ते बाजूला काढावे.

घरातील मुले आणि मॅगझिन

आता दुसऱ्या गैरसमजाकडे वळू. चेंबरमध्ये गेलेले काडतूस मॅगझिनचा भाग राहत नाही. मॅगझिन काढल्यावरही ते तेथेच असते. एफएनच्या १९१० पिस्तुलात मॅगझिन नसताना चाप निकामी करणारी योजना आहे; वॉल्थर पीपीमध्ये ती नाही. त्यामुळे मॅगझिन निराळ्या खणात ठेवले म्हणून पिस्तूल निरुपद्रवी झाले, असे मानणे धोक्याचे आहे.

'आमच्या मुलांना हात लावायचा नाही हे माहीत आहे,' असे पालक सांगतात. २००१ साली अमेरिकेतील 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खोलीतील खणात निकामी केलेले खरे पिस्तूल लपवले होते आणि मुलांवर एकतर्फी आरशातून लक्ष ठेवले होते. पुष्कळ मुलांनी ते हाताळले, काहींनी चापही ओढला. आणि अशा मुलांपैकी बहुतेकांना बंदुकीच्या सुरक्षिततेची शिकवण आधी मिळालेली होती. शिकवण द्यावीच, पण भिस्त कुलपावर ठेवावी. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा सल्लाही असाच आहे : घरात बंदूक नसणे सर्वांत सुरक्षित, असल्यास ती रिकामी व कुलपात, आणि काडतुसे वेगळ्या कुलपात. किशोरवयीन मुलाच्या उद्वेगाच्या क्षणी हेच कुलूप त्याचे प्राण वाचवू शकते.

मग संकटकाळी पिस्तूल हाताशी कसे येणार, हा आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो. अंकांच्या कुलपाची लहान पोलादी पेटी उघडण्यास काही सेकंद लागतात. तो विलंब मी पत्करतो, कारण उशीखाली ठेवलेले पिस्तूल घरातील मुलालाही तितक्याच लवकर मिळते.

शेवटी पिस्तूल रिकामे करण्याचा क्रम. नळी सुरक्षित दिशेस असावी आणि बोट चापाबाहेर. आधी मॅगझिन काढावे, मग स्लाइड मागे ओढून चेंबरमधील काडतूस बाहेर काढावे. त्यानंतर चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावे आणि बोटाने चाचपावे. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि नंतर मॅगझिन काढले, तर परतणारी स्लाइड मॅगझिनमधील नवे काडतूस चेंबरमध्ये चढवते आणि माणूस भरलेले पिस्तूल रिकामे समजून ठेवून देतो. कुलूप लावण्यापूर्वी काडतुसे आणि क्रमांक घातलेली मॅगझिने मोजावीत. संख्या जुळली नाही, तर ती जुळेपर्यंत मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये.