बालाघाटातील सीताफळ आणि काटक वाणाची पैदास

फळझाडाचा काटकपणा कशास म्हणावयाचे, याचे उत्तर प्रदेशागणिक बदलते. पीच किंवा नेक्टरीन यांचा पैदासकार हिवाळ्यातील थंडीचे तास मोजतो. बीड जिल्ह्यात तो हिशेब निरर्थक होय. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या भूमीत मोजावयाचे असते ते दोन पावसांमधील अंतर. २०१२-१३ च्या अवर्षणात मराठवाड्यातील मोसंबीच्या बागा विहिरींबरोबरच वाळून गेल्या. बालाघाटाच्या खडकाळ उतारांवर, ज्यास कोणी ओंजळभर पाणी घातले नाही असे सीताफळ मात्र पुढच्या पावसाला पुन्हा पालवले.

या चिवटपणाचे रहस्य झाडाच्या ऋतुचक्रात आहे. थंडी सरताना सीताफळ पाने गाळते आणि उन्हाळ्याचे कठीण महिने जवळजवळ निद्रिस्त अवस्थेत काढते. पाऊस पडताच नवी फूट येते, तिच्यावरच फुले धरतात आणि आश्विन-कार्तिकात फळ तयार होते. पाण्याची गरज व पावसाळा यांची अशी सांगड बसलेली आहे. शिवाय पाने कडू व विषारी द्रव्यांनी युक्त असल्यामुळे शेळ्या त्यांस तोंड लावीत नाहीत. उघड्या माळावर झाड टिकण्यास हेही कारण लहान नाही.

हे झाड मूळचे अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातील, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. भारहुत व मथुरा येथील शिल्पांत सीताफळ ओळखल्याचा अलेक्झांडर कनिंगहॅम यांचा दावा प्रसिद्ध आहे. तो वाद येथे लांबविण्याचे प्रयोजन नाही. बियांवाटे पिढ्यान्‌पिढ्या पसरल्यामुळे बालाघाटात त्याची अपार विविधता निर्माण झाली, एवढे पैदासकारास पुरे आहे. कोठे फळ मोठे, कोठे गर अधिक, कोठे बी कमी. अंबाजोगाई येथील सीताफळ संशोधन केंद्राने याच विविधतेतून निवड करून ‘धारूर-६’ हा मोठ्या फळाचा वाण दिला. बीडच्या सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

निवडीने जे हाती लागत नाही, त्यासाठी संकर करावा लागतो आणि येथे फुलाची रचना आड येते. सीताफळाचे फूल उभयलिंगी असले, तरी त्यातील स्त्रीकेसर आधी ग्रहणक्षम होतात व परागकोश मागाहून फुटतात. त्यामुळे त्याच फुलाचे पराग त्यास सहसा उपयोगी पडत नाहीत. वारा येथे कुचकामी. लहान भुंगेरे हेच परागवाहक. हवा फार कोरडी असेल तर स्त्रीकेसर सुकतात आणि असंख्य फुले गळतात. संकर करणारा पक्व फुलातील पराग कुंचल्याने घेऊन नुकत्याच उमललेल्या दुसऱ्या फुलास लावतो. परागसिंचन असमान झाले तर फळ वेडेवाकडे होते, कारण प्रत्येक ‘डोळा’ म्हणजे एक स्वतंत्र स्त्रीकेसर असतो.

डोंगरात थंड हवेत वाढणारा चेरिमोया आणि सीताफळ यांचा संकर वेस्टर यांनी १९०८ मध्ये फ्लोरिडात केला. त्या संकरास अटेमोया म्हणतात. बंगळूर येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने अटेमोयाच्या ‘आयलंड जेम’ या वाणाचा सीताफळाच्या ‘मॅमथ’ वाणाशी संकर करून ‘अर्का सहन’ निर्माण केला. त्याचा गर गोड आणि बिया मोजक्या. परंतु अटेमोयाच्या रक्तात थंड हवेची सवय आहे, हे विसरून चालणार नाही. फळाची प्रतवारी वाढविताना झाडाची कोरड सोसण्याची शक्ती उणावली, तर बीडच्या कोरडवाहू शेतकऱ्यास त्या वाणाचा लाभ काय?

आज या जिल्ह्यातही बार्शी तालुक्यातील गोरमाळे येथील नवनाथ कसपटे यांनी निवडलेला ‘एनएमके-१ गोल्डन’ लावला जातो. फळ मोठे, झाडावर न फुटणारे, आढीत अधिक दिवस टिकणारे. गावठी फळ मात्र डोळे उघडल्यावर दोन-चार दिवसांत विकावेच लागते. बागाईतदाराचे आकर्षण समजण्यासारखे आहे. तथापि कलमाची बाग म्हणजे एकाच झाडाच्या असंख्य प्रती, आणि त्या ठिबकाच्या पाण्यावर वाढलेल्या असतात. उतारावरील रानझाडे तुटत गेली, तर काटकपणाचे बीज कोठून आणावयाचे?

प्रस्तुत लेखकाच्या मते खुंटाचा प्रश्न त्यामुळे अधिक निकडीचा ठरतो. आजवर खुंट म्हणून मिळेल त्या बियांची रोपे वापरली जातात. मुळांचा गुण कोणी पारखून घेत नाही. बालाघाटातील निवडक जुन्या झाडांची रोपे एकाच शेतात, पाणी तोडून, शेजारी शेजारी वाढवावीत, त्यांवर एकाच वाणाचे डोळे किंवा कलमे बांधावीत आणि कोणत्या मुळावर झाड तगते ते पाहावे. रोप तीन-चार वर्षांनी फळते. अवर्षणाची परीक्षा तर आपल्या सोयीने येत नाही. अशा प्रयोगास दहा-बारा वर्षे सहज लागतील. तोवर ज्या उतारांवरून बी गोळा करावयाचे, तेथील झाडांची नोंद व राखण पदव्युत्तर विद्यार्थ्यांस याच हंगामात हाती घेता येईल.