फोनवरची सोबत : दृष्टी गमावलेल्या ज्येष्ठांसाठी एक सेवा

वारूळवाडी-नारायणगाव परिसराला नेत्रसेवा नवी नाही. डॉ. मनोहर डोळे यांनी नारायणगावात उभारलेल्या मोहन ठुसे नेत्र रुग्णालयामुळे अनेक वृद्धांना पुन्हा दिसू लागले. परंतु सर्वच अंधत्व शस्त्रक्रियेने जात नाही. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत, पन्नाशी ओलांडलेल्यांमधील अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे दिसून आले. ते बहुधा दूर करता येते. काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. अशा माणसांसाठी आपण काय करू शकतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

दृष्टी गेली की हळूहळू माणसेही दुरावतात. चेहरा ओळखू येत नाही, म्हणून वाटेने जाणाऱ्याला हाक मारता येत नाही. मुले मुंबई-पुण्याला, घरची मंडळी टोमॅटोच्या तोडणीला, आणि अंधार पडल्यावर बिबट्याच्या धास्तीने ओसरीवर कोणी फिरकत नाही. कान मात्र शाबूत असतात. म्हणूनच फोन येथे उपयोगी पडतो.

एका कार्यकर्त्याने एका ज्येष्ठाला आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी फोन करून पंधरा-वीस मिनिटे बोलावे, एवढीच ही सेवा. १९५३ साली लंडनमध्ये चाड व्हारा यांनी निराश माणसांसाठी 'समॅरिटन्स' ही फोनसेवा सुरू केली. भेटीसाठी थांबलेल्यांशी साधे कार्यकर्ते आपुलकीने बोलत, त्यानेच अनेकांना धीर येतो, असे त्यांना आढळले. आपल्याकडे ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत सरकारी 'एल्डरलाइन' २०२१ साली देशभर सुरू झाली. तेथे अडचण आली की ज्येष्ठाने फोन करावयाचा असतो. सोबतीच्या फोनमध्ये मात्र अडचणीची वाट न पाहता आपण फोन करतो, हा फरक महत्त्वाचा आहे.

काही पथ्ये पाळावीत. प्रथम आपले नाव सांगावे, "ओळखलं का?" असे विचारून परीक्षा घेऊ नये. "बिचारे" हा सूर नको. पीकपाणी, बाजारभाव, जुन्या आठवणी, काहीही बोलावे आणि त्यांना अधिक बोलू द्यावे. औषध सुचवू नये. बँक खाते वा ओटीपी कधीही विचारू नये, आणि असे विचारणारा आपला माणूस नव्हे, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. ऐकलेली घरगुती गोष्ट गावात नेऊ नये. मात्र जिवाला धोका वाटल्यास जबाबदार व्यक्तीला लगेच कळवावे. बटणांच्या फोनवर ५ या आकड्यावर बहुधा उंचवटा असतो. तो बोटाने ओळखायला शिकवल्यास आजी-आजोबा स्वतःही फोन लावू शकतात.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. दृष्टी गेलेल्या काही वृद्धांना नसलेली माणसे, मुले, नक्षी दिसू लागते. १७६० मध्ये शार्ल बोने या स्विस अभ्यासकाने आपल्या आजोबांचा असा अनुभव नोंदवला. डोळ्यांकडून संदेश कमी झाले की मेंदू स्वतःच चित्रे उभी करतो. हे वेड नव्हे आणि बाहेरची बाधा तर नव्हेच. लोक हसतील म्हणून वृद्ध हे घरात बोलत नाहीत. कदाचित फोनवर बोलतील. त्यांना धीर द्यावा व डॉक्टरांना दाखवण्यास सांगावे, कारण भास इतर आजारांतही होतात.

आमच्याकडून एकदा चूक झाली. लग्नाच्या गडबडीत रविवारचा फोन राहिला. पुढच्या वेळी आजी एवढेच म्हणाल्या, "बाळा, दिवेलागणीपर्यंत फोन मांडीवरच ठेवला होता." तेव्हा कळले की, आमच्या लेखी तो पंधरा मिनिटांचा वेळ होता, त्यांच्या लेखी तो आठवड्याचा वार होता. जमणार नसेल तर आधी कळवावे. सेवा थांबवायची असल्यास दुसऱ्याची ओळख करून देऊन मगच थांबावे.

या कामाला निधी लागत नाही, इमारत लागत नाही. आमच्या विद्यार्थी मित्रांनी व सभासदांनी आपल्या आळीतील एकाच ज्येष्ठापासून आरंभ करावा. दोघांना वचन देऊन एकाला विसरण्यापेक्षा एकालाच नेमाने फोन करणे केव्हाही चांगले, असे आमचे नम्र मत आहे.